माळ्यावरच्या उशा

मॅडमच्या दवाखान्यात माळ्यावर उशांचा ढीग होता. फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या, एक लहान मुलाची हत्तीचं चित्र असलेली, एक तर नुसतीच गोधडीची घडी. प्रत्येकीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर स्केचपेननं लिहिलेलं : गुडघा दिंद्रुड. गुडघा पाटोदा. गुडघा चकलांबा, धाकटा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाई दवाखान्याच्या जोडीला गाद्या-उशांचं दुकानही चालवत असाव्यात.

त्या जप्त केलेल्या उशा होत्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की घरातलं मायेचं माणूस पहिलं काम काय करतं, तर दुखऱ्या गुडघ्याखाली उशी सरकवतं. वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं. दुखणं कमी होतं, झोप लागते. आणि महिनाभरात तो गुडघा तसाच वाकलेला राहायला शिकतो. मग तो सरळ करायचा म्हणजे माणसाला रडवायचं. मॅडम म्हणायच्या, "गाडीवरून पडून जेवढे गुडघे गेले न्हाईत, तेवढे आईच्या मायेनं गेले."

माझाही त्यातलाच होता.

मी पुण्यात वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी होती, पण ती जेवायला ये, दिवा बंद कर, एवढ्यापुरती. नोकरी लागली बीडला, एका संस्थेत. गावोगावच्या शाळांना भेटी द्यायच्या आणि मुली शाळा का सोडतात याची माहिती गोळा करायची. घरच्यांना ती नोकरी पसंत नव्हती. मी भांडून आले होते. म्हणजे माझ्या परीनं भांडून : दोन दिवस कमी बोलले आणि बॅग भरली.

अकराव्या महिन्यात गेवराईच्या अलीकडे खडीवर स्कूटी घसरली. मी डावा पाय टेकवला. गाडी एकीकडे गेली, मी दुसरीकडे, आणि गुडघा मध्येच राहिला. आतलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी, तुटलं होतं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. मांडीच्या मागून एक दोरी काढून ती आत बसवली. डॉक्टरांनी फोटो दाखवले आणि सगळं उत्तम झालंय असं सांगितलं. पण पाय उचल म्हटलं की तो उचलला जायचा नाही. दुखत होता म्हणून नव्हे. मी त्याला सांगत होते आणि त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

आई तीन आठवडे येऊन राहिली. तिनं जुन्या सुती साडीची खोळ शिवून, कापूस भरून, गुडघ्याखाली ठेवायला एक लांबट उशी केली. मग वहिनीचे दिवस भरत आले म्हणून तिला पुण्याला जावं लागलं. निघताना म्हणाली, "नाहीच जमलं तर ये घरी. झाली ना आता हौस करून."

संस्थेनं मला सहा महिने दिले होते. तोवर स्कूटीवर गावं फिरता आली नाहीत तर माझ्या जागी दुसरं कुणी येणार होतं आणि मी पुण्याला परत, भावाच्या घरातल्या मधल्या खोलीत. मला ते नको होतं. माझ्या आयुष्याबद्दल एवढीच एक गोष्ट तेव्हा मला पक्की माहीत होती.

मॅडमचा दवाखाना बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. गुडघ्याचे पेशंट आणि जिना चढून यायचं. कुणी तक्रार केली की त्या म्हणायच्या, "खालची जागा मिळत होती. घेतली न्हाई." मी कुबड्या घेऊन, एकेका पायरीवर थांबत वर पोचले. दार उघडलं तेव्हा त्या माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होत्या.

"सोबत कोण?"

"कोणी नाही."

"खाली थांबलेत का?"

"नाही. कोणीच नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हाकलायचा तरास वाचला."

त्यांचा नियम होता, नातेवाईक आत नकोत. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको, भाऊ, मेहुणा आणि गाडी चालवणारा असे चौघं तरी येतात आणि पेशंटनं पाय उचलायच्या आत चौघं मिळून तो उचलतात. "माणसं लई चांगली हायेत," मॅडम म्हणायच्या, "म्हणून तर पाय उठत न्हाईत." सगळ्यांना त्या खाली समोरच्या चहाच्या टपरीवर बसवायच्या. तिथला बाक त्यांच्या पेशंटांच्या नातेवाइकांनीच भरलेला असायचा. व्यायाम करताना खिडकीतून तो दिसायचा. कुणीतरी वर बघत असायचं. त्या बाकावर माझं कधीच कुणी नव्हतं, आणि पहिल्या महिन्यात मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून झोपायचे.

मॅडम साठीच्या आसपास असतील. उंच, हडकुळ्या. पांढरी सुती साडी घोट्याच्या बरीच वर नेसलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. मूळच्या चकलांब्याच्या. त्यांच्या वस्तीतून मुंबईला शिकायला गेलेल्या त्या पहिल्या. शिकून परत आल्या, सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची नोकरी केली, निवृत्तीनंतर ही खोली घेतली. मुंबईत राहूनही गावची बोली त्यांनी सोडली नव्हती. एकदा मी धीर करून त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "चार वर्सांत हाडं शिकायची का भाषा?"

खोलीत त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. सकाळी नऊपासून त्या उभ्याच असत. अकराला भाकरी आणि ठेचाही खिडकीशी उभं राहून खायच्या. "बसलं की लोकं पाव्हण्यासारखं बोलाय लागतात," असं त्याचं कारण. कुणाला शाब्बास म्हणताना मी त्यांना ऐकलं नाही. शाब्बास म्हटलं की माणूस दहाव्यालाच थांबतं, अकरावं करत नाही, असा त्यांचा अनुभव होता. आणि त्या कुणालाही नावानं हाक मारत नसत. शरीराचा भाग आणि गाव, एवढीच ओळख.

"गाव?" त्यांनी मला विचारलं होतं.

"पुणे."

"पुण्याला गाव म्हणत न्हाईत. बापाचं?"

"कडा."

"कड्याचा एक खांदा हाय माझ्याकडं. चल, तू गुडघा कडा." मग पुठ्ठा फाडता फाडता त्यांनी विचारलं, "रात्री गुडघ्याखाली काय घेतीस?"

मी सांगितलं.

"उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी आईची उशी पिशवीत घालून नेली. त्यांनी ती हातात घेतली, खोळीवर अंगठा फिरवला, शिवण बघितली. "हातानं शिवलीय," म्हणाल्या. मला वाटलं, ही तरी परत देतील. त्यांनी पुठ्ठा बांधला आणि उशी माळ्यावर भिरकावली. "टाच खाटेवरून वर उठली की घेऊन जा."

त्या रात्री मी गुडघा सरळ ठेवून झोपायचा प्रयत्न केला. आईचा फोन आला तेव्हा मी तिला उशीबद्दल सांगितलं नाही. छान झोप लागते, म्हटलं.

पहिले आठ दिवस काहीही झालं नाही. मी खाटेवर पडलेली, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी. मॅडमची दोन बोटं गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीवर टेकलेली. "आवळ," त्या म्हणायच्या. मी दात आवळायचे, मुठी आवळायचे, पोट आवळायचे. मांडी तशीच, भिजलेल्या पिठासारखी. कोपऱ्यात स्नायूला विजेचे झटके द्यायचं मशीन होतं, पण त्यावर कायम टेबलक्लॉथ टाकलेला असे. "वीज दिली की उठतंय, बंद केली की झोपतंय," त्या म्हणाल्या. "सरकारी नोकरागत. मी बी होते, मला ठाऊक हाय."

नवव्या दिवशी मी म्हटलं, "मॅडम, हा मेलाय का?"

"रुसलाय."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तुमच्यात लग्नात जावई रुसतंय का न्हाई?"

"माहीत नाही."

"आमच्याकडं रुसतंय. आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसतंय. आता चार बाया त्याला ओढाय गेल्या तर काय व्हईल? आणखी रुसंल. मग काय करायचं? पंगत वाढायची. बाकीच्यांना जोरात हाका मारायच्या. त्याचं ताट तेवढं मांडून ठिवायचं, आन त्याच्याकडं बगायचंच न्हाई." त्यांनी माझ्या चांगल्या पायावर टिचकी मारली. "हा आवळ. उजवा. पूर्ण जीव लावून. डाव्याचं नावच काढू नको."

मी उजवी मांडी आवळली. पुन्हा आवळली. कितीतरी वेळा. डाव्या मांडीवर त्यांची बोटं होती, पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कधीतरी मध्येच, मी उजव्या पायाच्या नादात असताना, डाव्या गुडघ्याची वाटी जराशी वर सरकली. पाण्याखाली मासा वळावा तशी, आणि परत जागेवर.

"हं," मॅडम म्हणाल्या.

एवढंच. मग त्या पाठ फिरवून वहीत काहीतरी लिहायला लागल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून त्या लिहीत होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या वहीत एका दिवसाची एकच ओळ असायची.

व्यायाम करताना मोठ्यानं आकडे मोजायचे, हा दुसरा नियम. मनात मोजलं की माणूस श्वास कोंडतो. मला चारचौघांत मोठ्यानं बोलायचीच चोरी, त्यात मराठी आकडे. पन्नासपर्यंत मी कशीबशी जायचे. पुढे ते एकोणसाठ, एकोणसत्तर मला कुणी शिकवलंच नव्हतं. खोलीच्या मध्ये पडदा होता, पलीकडे पुरुष पेशंट. मी अठ्ठावन्नवर अडकले की पडद्यापलीकडून गुडघा दिंद्रुडचा म्हातारा आवाज यायचा, "एकोणसाठ, बाळ." मी "एकोणसाठ" म्हणायचे आणि पुढे जायचे. त्या आजोबांचं तोंड मी कधी पाहिलं नाही. एकदा अठ्ठ्याण्णवनंतर मी पूर्ण विश्वासानं "एकोणशंभर" म्हटलं. पलीकडे सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर हाय तिचं," म्हणाल्या. "असाय पायजे तसं."

त्याच काळात एक पुढारी यायचे. मोठी शेती, मोठं घराणं, मागे-पुढे माणसं. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर सातजण वर आले. मॅडम म्हणाल्या, "पाय उचला." सातातल्या दोघांनी वाकून तो उचलला.

"पाय तुमचा हाय का कार्यकर्त्यांचा?" मॅडमनी विचारलं.

मग पुढारी म्हणाले, "जा रे सगळे खाली." जिन्यावर बराच वेळ पावलं वाजत राहिली.

ते रोज पाण्याची सीलबंद बाटली घेऊन यायचे. इथलं पाणी सोसत नाही, म्हणायचे. पौर्णिमेला मॅडम सगळ्या पेशंटांना खीर द्यायच्या, तेव्हाही त्यांना गोड वर्ज्य होतं. मॅडमच्या घरचं ते का घेत नाहीत हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, मलासुद्धा. तिसऱ्या आठवड्यात पुढाऱ्यांच्या पायाला वजन बांधायची वेळ आली, तेव्हा वाळूची पिशवी न घेता मॅडमनी ती बाटलीच उचलली आणि पट्ट्यानं त्यांच्या घोट्याला बांधली. "एक लिटर म्हणजे एक किलो. मापात हाय," म्हणाल्या. त्या दिवसापासून पुढाऱ्यांना घामाघूम होऊन तहान लागायची आणि पाणी पायाला बांधलेलं असायचं. दहाएक दिवसांनी पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, "बाई, जरा माठातलं द्या." मॅडमनी दिलं. नंतरही बाटली यायची, पण वजनापुरती.

अडीच महिन्यांनी एका सकाळी मी मांडी आवळली आणि टाच खाटेवरून दोन बोटं वर उठली. मॅडम शिडी लावून माळ्यावर चढल्या, आईची उशी शोधून काढली, झटकली आणि माझ्या अंगावर टाकली. "डोक्याखाली घे," म्हणाल्या. "त्यासाठी असतीय ती."

मला वाटतं त्याच सुमारास मी दवाखान्याची वाट बघायला लागले. मी भाड्यानं राहत होते त्या खोलीत दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नसे. ऑफिसातलं काम लॅपटॉपवर. फोनवर आई. तिच्याशी बोलताना मी बरी आहे असं बोलायची सवय इतकी पक्की झाली होती की त्यात बोलणं उरलंच नव्हतं. आणि इथे एक बाई आठवड्यातून तीन दिवस माझ्या मांडीला टेप लावून बघत होती की मी मागच्या खेपेपेक्षा किती आहे.

एकदा माठ रिकामा झाला म्हणून मॅडमनी मला मागच्या खोलीतून कळशी आणायला पाठवलं. त्या तिथेच राहायच्या. एक खाट, एक ताट, एक पेला. दोन खुर्च्या. एकीचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं आणि ते उन्हानं पिवळं पडलं होतं. मी कळशी घेऊन बाहेर आले.

"तुमचे जुने पेशंट येतात का भेटायला?" मी विचारलं. कसं विचारलं कोण जाणे.

"कावून येतील?" मॅडम माठात पाणी ओतत होत्या. "डॉक्टरकडं लोकं पेढे घेऊन जातात. त्यांनी कापलेलं कुणाला दिसलेलं नसतंय, झोपीत असतात. मी जागेपणी रडवते. रडलेली जागा परत बगाय कोण येतंय? आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की माणूस गेलं, ते गेलंच." मग जरा थांबून म्हणाल्या, "तसंच पायजे ते."

पाचव्या महिन्यात कुबड्या कधीच सुटल्या होत्या. मी लाकडी स्टुलावर एका पायानं चढत होते, उतरत होते. ऑफिसच्या आवारात स्कूटी फिरवून पाहिली होती. हिशेब सरळ होता. पाय बरा झाला की मी बीडमध्ये राहू शकणार होते. आणि पाय बरा झाला की बीडमध्ये माझं कुणी राहणार नव्हतं.

मी लंगडायला लागले.

फार नाही. उतरताना डावं पाऊल जरा जपून. स्टुलावर गुडघा आत वळू द्यायचा. "लटपटतो अजून," म्हणायचे. मॅडम टेप लावायच्या, वहीत लिहायच्या, आकडा सांगायच्या नाहीत. "बुधवारी ये," म्हणायच्या. असे तीन आठवडे गेले. मी आयुष्यात इतकं सलग खोटं कधी बोलले नव्हते, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

मॅडमना एक सवय होती. दारात काढलेल्या पेशंटांच्या चपला उचलून त्या तळवे बघायच्या. नवीन माणसाला वाटायचं, या बाई चपलांच्या किमती बघतायत. त्या झीज बघत असायच्या. कुठली टाच गेलीय, पाऊल कुठल्या कडेवर पडतं. त्या शुक्रवारी मी व्यायाम संपवून दाराशी आले तर माझ्या दोन्ही चपला त्यांच्या हातात होत्या.

"ह्या कवा घेतल्यास?"

"दिवाळीत."

"रोज ह्याच घालतीस?"

"हो."

"दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात." त्यांनी चपला उलट्या धरून मला दाखवल्या. "लंगडणाऱ्याची एक आधी जाते."

पडद्यापलीकडे कुणी नव्हतं. शुक्रवारी मी शेवटची असायचे.

"कावून?" मॅडमनी विचारलं.

मला इंग्रजीत कितीतरी वाक्यं सुचली, नीटनेटकी, काहीच न सांगणारी. मराठीत एकच होतं. "मला इथं यायला आवडतं," मी म्हटलं. म्हणून झाल्यावर मला कुठे बघावं कळेना.

त्यांनी चपला खाली ठेवल्या. वही आणली आणि पान उघडून माझ्यासमोर धरली. डावी मांडी, उजवी मांडी. तीन आठवड्यांच्या ओळी. दोन्ही आकडे सारखे. प्रत्येक ओळीत सारखे.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

त्या पहिल्यांदाच बसल्या. खाटेच्या कडेवर, पेशंट बसतात तिथं. बूट घातलेले पाय जवळजवळ ठेवून.

"शिरूरची एक बाई हाय," त्या म्हणाल्या. "खांदा. हात वर जात न्हाई, वेणी घालता येईना तिला. पंधरा दिवस झाले, वेळ मागतीय. मी म्हणले, जागा न्हाई." त्यांनी वही मिटली. "पस्तीस वर्सांत असं केलं न्हवतं मी. तुझी वेळ तिला दिली. तू आता येऊ नको."

मी चपला घातल्या. दोन्ही पावलं सारखी टाकत दारापर्यंत गेले. तिथं थांबले. जे विचारायचं होतं ते विचारायला मला त्या पहिल्या नऊ दिवसांतल्या आवळण्यापेक्षा जास्त जोर लागला.

"मग नुसतीच येऊ? एखाद्या रविवारी. चहाला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. मशीनवरच्या टेबलक्लॉथची घडी सरळ करत होत्या.

"तू चहाला आलीस तरी मी तुझ्या गुडघ्याकडंच बगीन," त्या म्हणाल्या. "तोंडाकडं बगून बोलायची सवय न्हाई राहिली."

मी याचा अर्थ नाही असा घेतला. मला तसा अर्थ घ्यायची सवय आहे. एकदा कुणी नाही म्हटलं, किंवा म्हटल्यासारखं वाटलं, की मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

सोमवारी मी स्कूटी काढली आणि चकलांब्याच्या शाळेत गेले. नंतर दिंद्रुडला, कड्यालाही. संस्थेनं मला कायम केलं. आईनं घरी ये म्हणणं सोडून दिलं. मुलींच्या शाळांमधून मी आता बरं बोलू लागले होते. नव्व्याण्णवला नव्व्याण्णव म्हणत होते. त्या गल्लीवरून आठवड्यातून एकदा तरी जायचे, पण गाडीवरून. खिडकीत कधी पांढरी साडी दिसायची, कधी नाही.

दीड वर्षानं माझी बदली नांदेडच्या कामावर झाली. जायच्या आधीच्या रविवारी बस स्टँडवर तिकिटाची चौकशी करून परत येताना मी त्या टपरीवर थांबले. बाक रिकामा होता. मी त्यावर पहिल्यांदा बसले. टपरीवाले काका ओळखीचे नव्हते, पण त्यांनी मला ओळखलं.

"तुमी मॅडमच्या पेशंट ना? एकट्या येयच्या त्या?"

"हो. आज बंद असेल ना दवाखाना?"

"रविवारी बंदच." ते चहा गाळत होते. "मधी दोन-तीन महिने मातर रविवारी बी दार उघडं ठिवायच्या. पेशंट कुणी न्हाई, कायी न्हाई. माझ्याकडून दूध बी नेयच्या अर्धा लिटर. एरवी त्या बिनदुधाचा चहा पितात."

"कधी?"

"गेल्या साली. उनाळ्यात. मी इचारलं, मॅडम, रविवारी कावून उघडताव? तर म्हणल्या, वारं येऊ द्यावं जरा."

"आणि आता?"

"आता न्हाई."

मी चहा संपवला. जिना चढून वर गेले. दार बंद होतं. बाहेर कॅनव्हासच्या बुटांचा जोड वाळत ठेवलेला, नाडे काढून. आत कुकरची शिट्टी झाली. पातेलं सरकवल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी कडीला हात लावला. लोखंड उन्हानं तापलं होतं. काय म्हणायचं ते मी मनात जुळवत होते : मी गुडघा कडा. किंवा नुसतं, मॅडम. किंवा, परवा जातेय. आत दुसरी शिट्टी झाली. एका माणसाचं जेवण असेल, मी आले तर त्यांना पुन्हा काहीतरी टाकावं लागेल, असं मला वाटलं. दीड वर्षापूर्वीही असंच काहीतरी वाटून मी आले नव्हते.

कडी न वाजवता मी हात काढून घेतला आणि वळले. जिना उतरताना गुडघा जराही दुखला नाही.